इथे लीप नसतो, बॉस!

बंगला, बदला आणि बदनामी... सिरीयल्सचा हा हुकमी फॉर्म्युला आता आपल्या मोबाईलमध्ये शिरलाय!

'मी नाही हं बघत, घरी आई लावते म्हणून कानावर पडतं!' आमच्या ऑफिसात रोज कुणीतरी हे म्हणतं आणि कालच्या एपिसोडमध्ये कुणी कुणाच्या कानाखाली वाजवली, ते साग्रसंगीत सांगतं. मी मात्र उघड बघते, आवडीने बघते. तेव्हा थोडं हक्काने बोलते.

पैसा बोलता है!

जुलै 2000 मध्ये 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली आणि विराणींच्या 'शांतिनिकेतन'ने नियम घालून दिला. घर असं हवं, की भांडायला प्रत्येकाला कोपरा मिळावा! पैसा कुठून येतो, ते विचारायचं नाही. मराठीत तो जरा ओळखीच्या वाटेने आला. 'होणार सून मी ह्या घरची'मधली (2013) जान्हवी बँकेत नोकरी करायची, श्रीच्या घरचा गोखले गृहउद्योग होता. 'माझ्या नवऱ्याची बायको'मध्ये (2016 ते 2021) नवऱ्याने फसवलेली राधिका मसाले विकायला लागली आणि बघता बघता कंपनीची मालकीण झाली. आपलं इन्क्रिमेंट आठ टक्के, तिची झेप थेट कोटींत! त्यावरून जोक्स खूप झाले, पण गोम वेगळीच आहे. सिरीयलमध्ये पैसा सुखासाठी येतच नाही, तो अपमानाची परतफेड करायला येतो.

चारचौघांत!

आणि अपमान नेहमी चारचौघांतच व्हायला हवा. आपल्या घरात भांडण झालं की आई आधी खिडकी लावून घेते. तिथे मात्र साखरपुडा, सत्यनारायण किंवा कंपनीची पार्टी गाठायची. पूर्वी भर कार्यक्रमात फोटोंचं पाकीट उघडायचं, मग पडद्यावर व्हिडिओ लागायला लागला, आता सगळ्यांचे फोन एकदम वाजतात... टिंग! कॅमेरा तीनदा हिरोईनच्या चेहऱ्यावर. भानगड नवऱ्याची असली, तरी तोंड लपवायचं तिनेच.

एपिसोड संपतो, पण प्रेक्षकाचा राग संपत नाही. निळू फुल्यांना बायका शिव्या घालायच्या, ती अभिनयाची पावती समजली जायची. पण ती शिवी थिएटरात किंवा गावच्या रस्त्यावर राहायची. 'आई कुठे काय करते'मधल्या (2019 ते 2024) अनिरुद्ध आणि संजनाच्या वाट्याचा राग मिलिंद गवळी आणि रूपाली भोसले यांच्या फोनपर्यंत पोहोचला. नटीच्या घरच्या फोटोखाली जाऊन 'दुसऱ्याचा संसार मोडलास' लिहिणाऱ्याला काय म्हणावं?

आणि आपल्यातली?

माझ्या आधीच्या ऑफिसातल्या एका मुलीचे फोटो तिच्या एक्सने ब्रेकअपनंतर ग्रुपवर टाकले. अगदी खासगी फोटो. दुपारपर्यंत तीन मजल्यांवर पोहोचले. ज्याने टाकले त्याच्याबद्दल कुणी बोललं नाही, चर्चा फक्त 'तिने काढू कशाला दिले?' एचआरने तिला रजेवर जायचा सल्ला दिला. तिलाच! महिनाभरात तिने राजीनामा टाकला.

सिरीयलमधली मंडळी पोलिसांत जायला विसरतात, तुम्ही विसरू नका. कुणाचेही नग्न किंवा अंतर्वस्त्रांतले फोटो संमतीशिवाय पसरवणं हा आयटी अ‍ॅक्टच्या कलम 66ई खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'मी फक्त फॉरवर्ड केलं' म्हणणाराही पसरवतच असतो. स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ जपून ठेवा आणि सायबर पोलिसांकडे जा.

सिरीयलमध्ये बदनामीनंतर लीप येतो. काही वर्षं उडी मारून हिरोईन नव्या हेअरकटसह, स्वतःच्या गाडीतून उतरते. आपल्यातल्या तिला दुसऱ्या दिवशी तीच लोकल पकडायची असते, तेच कार्ड पंच करायचं असतं आणि पाच तारखेला ईएमआय भरायचा असतो. तेव्हा पुढच्या वेळी फोन 'टिंग' वाजला, तर निदान आपल्या बोटाशी ते थांबू दे!