तुमच्या आयुष्याची मालिका असती, तर पहिला सीन कुठला? मालिका-लेखकांच्या ५ युक्त्या

'तुमच्याबद्दल थोडं सांगा.' नोकरीची मुलाखत असो, लग्नाची बोलणी असोत की नव्या ऑफिसमधला पहिला दिवस, हा प्रश्न हमखास येतो. बहुतेक जण उत्तरादाखल गाव, शाळा, कॉलेज, डिग्री अशी यादी सांगतात. यादी खरी असते, पण ऐकणाऱ्याच्या लक्षात काहीच राहत नाही.

ज्यांच्या वाट्याला अपयश आलंय, त्यांच्यासाठी हा प्रश्न आणखी अवघड असतो. समजा, एका तरुणीने पुण्यात राहून पाच वर्षं एमपीएससीची तयारी केली. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचली, पण अंतिम यादीत नाव आलं नाही. आता २८व्या वर्षी ती खासगी नोकरी शोधतेय. 'मधली पाच वर्षं काय केलंत?' याचं ती काय उत्तर देते, त्यावर नोकरी अवलंबून आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ती स्वतःकडे कशी बघते हेही त्यावरच ठरणार आहे.

इथे टीव्ही मालिकांचे लेखक कामी येऊ शकतात. विस्कळीत घटनांमधून गोष्ट उभी करणं हेच त्यांचं रोजचं काम.

आयुष्य म्हणजे गोष्ट? मानसशास्त्र काय सांगतं?

अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डॅन मॅकअॅडम्स अनेक दशकं याच विषयावर काम करताहेत. त्यांच्या मते, आपण कोण आहोत याची आपली कल्पना आपण स्वतःला सांगत आलेल्या गोष्टीतून तयार होते. त्यांच्या मुलाखतीत लोकांना आपलं आयुष्य एखाद्या पुस्तकासारखं प्रकरणांमध्ये मांडायला सांगतात. मग सर्वांत आनंदाचा क्षण, सर्वांत वाईट क्षण आणि कलाटणी देणारा क्षण विचारतात.

बेंजामिन रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लोकांना आपली गोष्ट नायकाच्या प्रवासासारखी पुन्हा मांडायला सांगितलं. त्यानंतर त्यांना आपलं आयुष्य जास्त अर्थपूर्ण वाटू लागल्याचं दिसलं. आयुष्यातल्या घटना त्याच होत्या, फक्त मांडणी बदलली होती.

१. जन्मापासून सुरुवात करू नका

'ब्रेकिंग बॅड' ही अमेरिकी मालिका २००८ मध्ये सुरू झाली. पहिल्याच सीनमध्ये वाळवंटातून एक गाडी सुसाट येते आणि अंतर्वस्त्रावरचा एक घाबरलेला माणूस ती चालवतोय. मग मालिका तीन आठवडे मागे जाते आणि कळतं की हा तर शाळेत रसायनशास्त्र शिकवणारा मास्तर! आता त्याचं साधं, कंटाळवाणं आयुष्यही आपण लक्ष देऊन बघतो, कारण हा माणूस तिथवर कसा पोहोचला हे आपल्याला जाणून घ्यायचं असतं.

आपल्या गोष्टीतही तो सीन शोधायचा. एमपीएससी करणारी तरुणी 'माझा जन्म अमुक गावी' असं न म्हणता, रूम सोडून पुस्तकांची खोकी बांधली त्या दिवसापासून सुरुवात करू शकते. इथून ती मागेही जाऊ शकते आणि पुढेही.

२. नायिकेला काय हवंय, तिने काय ठरवलं?

ज्या पात्राला काहीच नको असतं, त्याची गोष्ट पुढे सरकत नाही. म्हणून लेखक आधी विचारतात, या पात्राला हवंय काय? आणि त्यासाठी ते काय करतं?

'जागाच निघाल्या नाहीत, निकाल लांबला, वय वाढलं' या वाक्यांत सगळं तिच्या बाबतीत घडतंय, ती स्वतः काहीच करत नाही. 'दुसऱ्या प्रयत्नानंतर खर्च भागवायला शिकवण्या सुरू केल्या, पाचव्या वर्षी थांबायचं ठरवलं' या वाक्यांत निर्णय तिचे आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्याच.

फरक फक्त शब्दांचा नाही. जोनाथन अॅडलर यांनी २०१२ च्या अभ्यासात मानसोपचार घेणाऱ्या ४७ जणांचं लिखाण तपासलं. लिखाणात 'सूत्रं माझ्या हातात आहेत' ही भावना आधी वाढली आणि मानसिक स्वास्थ्य त्यानंतर सुधारलं, असं त्यांना आढळलं.

३. दुसरा ट्रॅक विसरू नका

कुठलीही मालिका एकाच ट्रॅकवर चालत नाही. मुख्य कथानक अडकलं की मैत्रिणीचा, भावाचा, शेजाऱ्यांचा ट्रॅक पुढे सरकतो. आयुष्यातलं मोठं अपयश मात्र बाकीचे सगळे ट्रॅक झाकून टाकतं. त्या पाच वर्षांत तिने शिकवण्या घेतल्या, स्वतःचा खर्च भागवला, राज्यघटना आणि अर्थशास्त्र मुळापासून वाचलं. परीक्षेच्या ट्रॅकवर हाती काही लागलं नसेल, पण या ट्रॅकवर बरंच लागलंय.

आणि जे सांगायची गरज नाही, तिथे मालिकांसारखा सरळ 'लीप' घ्यायचा. प्रत्येक वर्षाचा हिशेब कुणी मागत नाही.

४. एपिसोड कुठे संपवायचा?

२१ मार्च १९८० रोजी 'डॅलस' या अमेरिकी मालिकेचा सीझन संपला, तो जे. आर. या पात्राला गोळी लागते तिथे. गोळी कुणी झाडली, याचं उत्तर २१ नोव्हेंबरला मिळालं. तो भाग अमेरिकेत ८ कोटींहून अधिक लोकांनी पाहिल्याचं सांगितलं जातं. गोळी लागली म्हणून मालिका संपली, असं कुणालाच वाटलं नव्हतं.

आपण मात्र आपली गोष्ट अनेकदा तिथेच संपवतो. 'यादीत नाव आलं नाही. संपलं.' मॅकअॅडम्स यांच्या अभ्यासात दोन प्रकारच्या गोष्टी ठळक दिसतात: वाईटातून काही चांगलं निघालं अशा, आणि चांगलं होतं ते नासलं अशा. पहिल्या प्रकारे सांगणारे सरासरीने जास्त समाधानी आढळले. गोष्टीमुळे समाधान येतं की समाधानी माणूस तशी गोष्ट सांगतो, हे मात्र यावरून ठरत नाही.

५. सूत्रधाराला दोन वाक्यं द्या

१९८४ साली दूरदर्शनवर आलेल्या 'हम लोग'मध्ये भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन घडलेल्या प्रसंगांबद्दल प्रेक्षकांशी बोलायचे. आपल्या गोष्टीतही अशी एक जागा हवी. घटना सांगून झाल्यावर 'त्यातून मला हे कळलं' असं एखादं वाक्य. दोन चालतील, पण त्याहून जास्त झाली की प्रवचन होतं.

मालिकेत चालतं, आयुष्यात नाही

'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ अशी चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. मालिका इतकी लांबवायची तर संघर्ष जिवंत ठेवावा लागतो, म्हणून मालिकांना खलनायक लागतो. आयुष्याला तो लागतोच असं नाही. वडील, माजी जोडीदार किंवा बॉस यांना खलनायक केलं की गोष्ट रंगते, पण त्यांची बाजू कायमची कापली जाते. मायकल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांनी विकसित केलेल्या कथनोपचारात माणसाला समस्या न मानता समस्येलाच वेगळं काढून तिच्याकडे बघतात.

दुसरा धोका जबरदस्तीच्या गोड शेवटाचा. वाईटातून चांगलं निघालंच पाहिजे ही अपेक्षा खास अमेरिकी संस्कृतीत रुजलेली आहे, हे मॅकअॅडम्स यांनीच दाखवून दिलंय. काही दुःखांमधून काहीच चांगलं निघत नाही, आणि तसं सांगण्यातही काही चूक नाही. दुसऱ्याच्या दुःखाला असा शेवट आपण जोडणं तर टाळायलाच हवं.

तिसरी गोष्ट, लेखकाला प्रसंग रचता येतात, आपल्याला नाही. मुलाखतीत क्रम बदला, भर बदला, पण तारखा आणि निकाल बदलू नका.

करून बघायचं असेल तर

एका कागदावर चार ओळी लिहा. पहिला सीन कुठला? तेव्हा मला काय हवं होतं? मी काय निर्णय घेतला? हा भाग कुठे थांबतो? मग तीच गोष्ट दुसऱ्या सीनपासून सुरू करून पुन्हा लिहा. दोन्ही कागद शेजारी ठेवले की कळतं, आतापर्यंत आपण सांगत होतो ती आपल्या आयुष्याची एकमेव गोष्ट नव्हती. जुनी आठवण असह्य वाटत असेल, तर मात्र हा प्रयोग एकट्याने न करता समुपदेशकासोबत करावा.