सूर चढवणारी एक ओळ

काळी एकमध्ये गायलेलं चार मिनिटांचं गाणं एखाद्या छोट्या संगणक-बोर्डावर लावलं, षड्ज पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधेच कुठेतरी ऐकू आला आणि गाणं वीसेक सेकंद आधी संपलं, तर स्पीकरला बोल लावू नये. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेलं ध्वनिमुद्रण ४८,०००च्या वेगाने वाजत असणार. यंत्राला मात्र याचा पत्ता नसतो. ऑडिओ चिप विचारल्या प्रश्नाला नीट उत्तर देते, ड्रायव्हर सुरू होतो, लॉगमध्ये तक्रारीची एक ओळ नाही. यूएसबीचं उपकरण जोडताच स्वतःची ओळख सांगतं. ऑडिओ चिपला जोडणारी, फिलिप्सने १९८६ साली आणलेली आय-टू-एस जोडणी मात्र फक्त नमुने वाहून नेते. घड्याळाचे ठोके देणारा बोर्डावरचा स्फटिक किती मेगाहर्ट्‌झचा, हे तिच्यातून कळत नाही. त्यामुळे तो आकडा ड्रायव्हरच्या अंदाजावर न सोडता ‘डिव्हाइस ट्री’त, म्हणजे लिनक्सला बोर्डाची रचना सांगणाऱ्या फाइलमध्ये, स्पष्ट लिहिलेला बरा.

आकडा एकच असता तर एवढा खटाटोप नको होता. पण ४४,१०० ही व्हिडिओ टेपची देणगी आहे: फील्डमागे २४५ रेषा, रेषेत ३ नमुने, सेकंदाला ६० फील्ड, गुणाकार करून पाहा. सीडीने तीच संख्या उचलली. ४८,०००ला २४, २५ आणि ३० या चित्रगतींनी पूर्ण भाग जातो, म्हणून ती चित्रपट-टीव्हीकडे रुजली. चिपला बहुधा नमुन्यांच्या वेगाच्या २५६ पट वेगाचं मुख्य घड्याळ लागतं. ४४,१००च्या घराण्याला ११.२८९६ मेगाहर्ट्‌झ, ४८,०००च्या घराण्याला १२.२८८. आता समजा, बोर्डावर स्फटिक १२.२८८चा आहे, ठोके चिप देते आहे आणि वर्णनात ‘क्लॉक-फ्रीक्वेन्सी’पुढे ११२८९६०० लिहिलंय. चिप इमानाने २५६ने भागून ४८,००० देते, आणि ड्रायव्हर त्यालाच ४४,१०० समजून बसतो.

पीएलएल, म्हणजे एका घड्याळातून हव्या वेगाचं दुसरं घड्याळ बनवणारं मंडळ, असताना स्फटिकाची एवढी मातब्बरी कशाला, असं कुणी विचारेल. पण आय.एमएक्स ८एम प्लससारख्या प्रोसेसरच्या वर्णनातही दोन ऑडिओ पीएलएल दिसतात, ३९,३२,१६,००० आणि ३६,१२,६७,२०० हर्ट्‌झचे. घराणी तिथेही दोनच. पीएलएल नसेल आणि १९.२ मेगाहर्ट्‌झमधून थेट ४८,०००साठीचं ३.०७२चं बिट-घड्याळ काढायचं असेल, तर भाजक ६.२५ येतो. मग मंडळ तीनदा ६ने, एकदा ७ने भागून सरासरी गाठतं आणि ठोके मागेपुढे सरकतात. स्वस्त स्पीकरवर हे कुणाला कळणार नाही, हे खरं. तरी चांगल्या ऑडिओ कार्डांवर दोन्ही स्फटिक बसवतात ते यासाठीच. सगळं सॉफ्टवेअरमध्येच ४८,०००वर आणून वाजवावं, हा तोडगा रास्त आहे आणि तो सर्रास वापरलाही जातो. पण ते ४८,००० खरंच ४८,००० आहेत याची हमी पुन्हा ‘क्लॉक-फ्रीक्वेन्सी’च्या त्याच ओळीतून येते. डिव्हाइस ट्रीने हार्डवेअर सांगावं, पसंती नव्हे, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. पीएलएल कोणत्या वेगावर ठेवायचा, ही निम्मी पसंतीच असते आणि त्यावर वाद घालता येईल. सोल्डर केलेल्या स्फटिकाबद्दल तो घालता येत नाही.