विश्लेषण : हाताला काम आहे, मग डोक्यावर छप्पर का नाही?

पुण्याजवळच्या वाघोलीत २३ डिसेंबर २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर एक भरधाव डंपर पदपथावर चढला आणि तेथे झोपलेल्या मजुरांना चिरडत गेला. दोन चिमुकल्यांसह तिघांचा मृत्यू झाला. मद्यधुंद चालकाला अटक झाली, बातमी दोन दिवस गाजली. मृत आणि जखमी हे अमरावतीहून कामासाठी आलेल्या मजुरांच्या कुटुंबांतले होते. कामासाठी शेकडो किलोमीटर आलेली माणसे लेकराबाळांसह रस्त्याच्या कडेला का झोपली होती, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. शहरातील बेघरपणाचे मूळ याच प्रश्नात आहे.

बेघर नेमके कोणाला म्हणतात?

जनगणनेच्या व्याख्येनुसार रस्त्याकडेला, पदपथावर, मोठ्या पाइपमध्ये, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, रेल्वे फलाटावर किंवा देवळाच्या आवारात उघड्यावर राहणारे लोक बेघर ठरतात. झोपडपट्टीत राहणारे यात येत नाहीत. त्यांचे घर कच्चे किंवा अनधिकृत असेल, पण ते घर म्हणून मोजले जाते. बेघर आणि भिकारी हे शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात, तेही चुकीचे आहे. बांधकामावरचे बिगारी, हातगाडी ओढणारे, हमाल, भंगार वेचणारे, लग्नसराईत वाढप्याचे काम करणारे आणि सिग्नलवर गजरे विकणारे असे कष्टकरी बेघरांमध्ये मोठ्या संख्येने आहेत.

त्यांची संख्या किती?

२०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार बेघर नोंदले गेले. २००१ मध्ये हा आकडा १९ लाख ४३ हजार होता. एकूण संख्या घटली असली तरी ती घट ग्रामीण भागातली आहे. शहरांमधील बेघर याच दशकात ७ लाख ७८ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांवर गेले. महाराष्ट्रात २ लाख १० हजारांहून अधिक बेघर होते. उत्तर प्रदेशानंतर हा देशातील दुसरा क्रमांक. बृहन्मुंबईतील संख्या सुमारे ५७ हजार होती.

बेघरांची ही मोजणी २८ फेब्रुवारी २०११ या एकाच रात्री झाली. त्या रात्री जो कामावर होता, गावी गेला होता किंवा पोलिसांनी हटकल्यामुळे दुसरीकडे सरकला होता, तो मोजणीतून सुटण्याचीच शक्यता अधिक. त्यामुळे हे आकडे किमान समजले जातात. त्यानंतर जनगणनाच झालेली नसल्याने शहरांचे नियोजन आजही याच जुन्या आकड्यांवर चालते.

काम असूनही बेघर का?

काम शहराच्या मध्यभागी मिळते आणि परवडणारी खोली शहराच्या टोकाला, हे यामागचे मुख्य कारण. नाका कामगाराला सकाळी ठरलेल्या नाक्यावर हजर राहावे लागते. उशीर झाला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. भाजी मंडईतील हमालाचे काम तर पहाटेच सुरू होते. दूरच्या खोलीचे भाडे, वर रोजचा प्रवास आणि त्याआधी हातात लागणारी अनामत रक्कम, हे रोजंदारीत बसत नाही. मग कामाच्या जवळचा पदपथच घर होतो.

गाव सोडण्याची कारणे वेगवेगळी असतात. कोरडवाहू शेती, दुष्काळ, कर्ज आणि जमीन नसणे ही त्यातली प्रमुख. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून मुंबईत आलेल्या अनेक कुटुंबांनी सुरुवातीची वर्षे रस्त्यावरच काढली. पारधी समाजाची गोष्ट आणखी वेगळी आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण संशय गेला नाही. गावात जागा नाही आणि शहरात कोणी खोली देत नाही, अशा कोंडीत या समाजातील अनेक कुटुंबांच्या पिढ्या पदपथावर वाढल्या.

याशिवाय घरगुती हिंसाचाराला कंटाळून बाहेर पडलेल्या स्त्रिया, घरातून काढलेले वृद्ध, व्यसनाधीन आणि मानसिक आजाराचे रुग्णही रस्त्यावर येतात. बेघरांचा असा एकच गट नसल्यामुळे सर्वांना एकच उपाय लागू पडत नाही.

रस्त्यावर राहण्याचे परिणाम काय?

रस्त्यावर राहणे फुकट असते, हा गैरसमज आहे. स्वयंपाकाला जागा नाही म्हणून जेवण अनेकदा विकत घ्यावे लागते. शौचालय आणि अंघोळीलाही पैसे मोजावे लागतात. साठवलेला पैसा आणि सामान ठेवायला कुलूपबंद जागा नसते. त्यामुळे खोलीसाठी लागणारी अनामत कधी जमतच नाही आणि बेघरपण संपत नाही.

आरोग्यावरचा परिणाम याहून गंभीर. क्षयरोगाचे औषध किमान सहा महिने सलग घ्यावे लागते. मधेच अतिक्रमणविरोधी कारवाईत सामानासोबत औषधे आणि कागदपत्रे गेली, की उपचार तुटतो. मुलांची शाळा प्रत्येक हकालपट्टीनंतर बदलते किंवा कायमची सुटते. स्त्रियांना रात्री सुरक्षित झोप मिळणेच कठीण. सलग अपुऱ्या झोपेचा परिणाम दुसऱ्या दिवशीच्या कामावर आणि पुढे मनावर होतो. म्हणजे मानसिक आजार हे बेघरपणाचे कारण असते, तसा परिणामही असतो.

कायदा काय सांगतो?

१९८१ मध्ये मुंबईतील पदपथांवरील रहिवाशांना हटवण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. त्याविरोधातील ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने जुलै १९८५ मध्ये निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. मात्र पदपथावर राहण्याचा हक्क मान्य झाला नाही. रीतसर नोटीस देऊन हटवण्याची मुभा पालिकेला मिळाली.

दुसरीकडे, १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी वावरणाऱ्यालाही भिकारी ठरवू शकतो. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे संस्थेत ठेवण्याची तरतूद त्यात आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या या कायद्यातील अनेक तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. ज्या महाराष्ट्रात हा कायदा जन्मला, तेथे तो लागू आहे.

निवारे का अपुरे पडतात?

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने निकष ठरवला. शहरातील दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांसाठी बारमाही, चोवीस तास खुला निवारा असावा. २०११ च्या लोकसंख्येनुसार मुंबईसाठी हे गणित सुमारे १२४ निवारे आणि १२ हजार ४०० जागा असे होते. प्रत्यक्षातील निवारे या संख्येच्या जवळपासही नाहीत. शिवाय निकष पूर्ण झाला तरी नोंदलेल्या ५७ हजारांपैकी जेमतेम पाचव्या हिश्श्यालाच जागा मिळेल.

जागेची टंचाई हे पालिकांचे नेहमीचे उत्तर असते. पण असलेल्या निवाऱ्यातही अनेक जण जात नाहीत. पुरुष आणि स्त्रियांची सोय वेगळी असेल, तर नवरा, बायको आणि मुलांचे कुटुंब रात्रीपुरते फुटते. हातगाडी, अवजारे, भंगाराचे पोते ठेवायला जागा नसते. निवारा कामापासून लांब असेल, तर तेथे राहून मजुरी बुडते. निवारे बेघरांच्या वस्तीजवळ आणि कामाच्या ठिकाणाजवळ असावेत, कुटुंबांसाठी वेगळे असावेत, असे या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतच लिहिलेले आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा जेथे पालिकेची वापरात नसलेली इमारत सापडते, तेथे निवारा होतो.

पत्ता नसल्याने काय अडते?

शिधापत्रिका, बँक खाते, शाळेतील प्रवेश, घरकुल योजनेचा अर्ज अशा प्रत्येक टप्प्यावर पत्ता विचारला जातो. बेघरांनी आधार कसे काढायचे, असा सवाल सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये केला होता. यावर मार्ग आहे, हे निवडणूक आयोगाने दाखवले आहे. बेघर व्यक्तीने अर्जात झोपण्याची जागा लिहायची, मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री तेथे जाऊन खात्री करतो. पत्त्याच्या कागदी पुराव्याची गरज राहत नाही. मतदार यादीसाठी जे जमते, ते शिधापत्रिकेसाठी का जमू नये, हा साधा प्रश्न आहे.

मग उपाय कोणते?

पहिला उपाय कायद्यात आधीच आहे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याच्या कलम ३४ नुसार, काम सुरू असेपर्यंत मजुरांना बांधकामाच्या जागी किंवा शक्य तितक्या जवळ विनामूल्य तात्पुरते घर, स्वयंपाकाची जागा, स्नानगृह आणि शौचालय देणे मालकावर बंधनकारक करण्यात आले होते. पण नाक्यावर उभ्या असलेल्या मजुराला रोज नवा मालक असतो, कधी तोही नसतो. त्यामुळे हा हक्क त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर गोळा होतो आणि तो कामगार कल्याण मंडळाकडे जमा होतो. मजूर नाक्यांजवळ या निधीतून अल्प भाड्याची वसतिगृहे आणि कौटुंबिक खोल्या उभारल्या, तर वाघोलीसारख्या ठिकाणी उतरणाऱ्या कुटुंबांना पहिल्या रात्रीपासून छप्पर मिळू शकेल.

दुसरा उपाय कायमच्या घराचा. भायखळ्याच्या पदपथांवरील स्त्रियांनी १९८० च्या दशकात महिला मिलन या संघटनेतून बचत सुरू केली, स्वतःच घरांचे आराखडे आखले आणि दीर्घ पाठपुराव्यानंतर त्यातील अनेक कुटुंबे मानखुर्दच्या मिलननगरमध्ये स्वतःच्या घरात गेली. संधी मिळाली तर पदपथावरचे कुटुंब घर टिकवते, हे त्यातून दिसले.

मानसिक रुग्णांसाठी उपचार आणि घरवापसी हा वेगळा मार्ग आहे. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे हेच काम असून, त्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा रुग्णांना संरक्षण देऊन आरोग्य यंत्रणेपर्यंत नेण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे.

फिनलंडने २००८ पासून ‘आधी घर’ हे धोरण राबवले. व्यसन सुटले, नोकरी लागली की मग घर, हा क्रम उलटा केला. हेलसिंकीतील एका मोठ्या निवाऱ्याचे रूपांतर सुमारे ८० छोट्या सदनिकांत झाले. १९८७ मध्ये तेथे १८ हजारांहून अधिक बेघर होते. २०२३ अखेर ही संख्या साडेतीन हजारांखाली आली होती. २०२४ मध्ये मात्र ती पुन्हा वाढली. धोरणात सातत्य राहिले नाही, तर कमावलेले गमावायला वेळ लागत नाही, हाही त्यातील धडा.

पुढे काय?

शहरी दारिद्र्य निर्मूलनासाठी नवे अभियान आखले जात असून, त्यात बेघरांच्या निवाऱ्याचाही विचार असेल, असे केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली आहे. त्या वेळी बेघरांच्या संख्येसोबत ते कोणते काम करतात, कुटुंबासह राहतात का, हेही नीट नोंदले गेले, तर निवारा कोठे आणि कोणासाठी हवा, याचा नकाशा प्रथमच हाती येईल. पालिकांना त्यासाठी जागा मात्र आजपासूनच राखून ठेवावी लागेल.