घरगुती जलपंपातील बिघाड

घरगुती जलपंपातील बिघाड म्हणजे घरातील किंवा गृहसंकुलातील पाणी चढवणारा विजेचा पंप बंद पडणे, अथवा मोटर फिरत असूनही पाणी वर न येणे. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या लगतच्या शहरांत नळाचे पाणी सहसा ठरावीक वेळीच येते. ते भूमिगत टाकीत साठवून पंपाने गच्चीवरील टाकीत चढवले जाते. त्यामुळे पंप एक दिवस बंद राहिला तरी वरच्या मजल्यांवरील नळ कोरडे पडतात.

पार्श्वभूमी

उल्हासनगरला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडून पाणी मिळते व ते मुख्यतः बारवी धरणावर अवलंबून असते. अंबरनाथ व बदलापूर येथे महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची योजना असून तिचे पाणी बदलापूरजवळ उल्हास नदीवरील बंधाऱ्यातून उचलले जाते. उन्हाळ्यात कपात लागू झाली की टाकी अर्धवट भरते. पंपाच्या बहुतेक तक्रारी अशा वेळी येतात आणि त्यांतील कित्येक मुळात पंपाच्या नसतातच. म्हणून पंप उघडण्यापूर्वी भूमिगत टाकीत पाणी आहे का, हे पाहणे श्रेयस्कर.

मोटर फिरते, पण पाणी येत नाही

हा सर्वाधिक आढळणारा प्रकार होय. पंप पाणी ‘ओढतो’ असे म्हटले जात असले, तरी तो केवळ आपल्या तोंडाशी दाब कमी करतो; पाणी वर ढकलते ते वातावरणाच्या दाबाने. समुद्रसपाटीला हा दाब सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे १०.३ मीटर उंचीचा जलस्तंभ पेलू शकतो. नळीतील घर्षणामुळे प्रत्यक्षात ६ ते ७ मीटरच पदरात पडतात. शोषनळीत हवा असल्यास पुरेसा कमी दाब निर्माण होत नाही व पंप ‘हवा घेतो’.

अशा वेळी वीज बंद करून पंपावरील बूच उघडावे व काठोकाठ पाणी भरावे. भरलेले पाणी खाली उतरत राहिले, तर शोषनळीच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह गळत आहे असे समजावे. त्यात वाळूचा कण किंवा प्लास्टिकचा तुकडा अडकलेला असणे नेहमीचेच. पाणी टिकूनही पंप हवा घेत असेल, तर शोषनळीचे सांधे तपासावेत. शोषबाजूच्या फटीतून पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते, त्यामुळे अशी फट डोळ्यांना दिसत नाही.

पंप कोरडा चालू ठेवणे मात्र महागात पडते. पाण्यानेच थंड राहणारे यांत्रिक सील काही मिनिटांत तापून खराब होऊ शकते.

मोटर गुणगुणते, पण फिरत नाही

याची दोन प्रमुख कारणे आहेत. अर्ध्या अश्वशक्तीच्या लहान पंपांत पितळी चक्र व आवरण यांतील फट अत्यंत अरुंद असते. सुट्टीत घर बंद राहिल्यावर क्षार साचून चक्र जखडते. वीज तोडून पंख्याच्या बाजूने दांडा हाताने किंवा पेचकसाने फिरवल्यास ते बहुधा सुटते. दांडा सहज फिरत असेल, तर संशय कपॅसिटरवर जातो. एकफेज मोटरला फिरण्याची सुरुवात करून देण्यासाठी तो आवश्यक असतो. बदलताना त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडच्या अंकाइतकाच नवा घ्यावा. वीज बंद केल्यावरही त्यात भार शिल्लक असू शकतो, त्यामुळे त्याच्या टोकांना हात लावू नये.

कमी दाबाची वीज हेही एक कारण असते. मोटरचे बल व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट मिळाल्यास ते सुमारे ६१ टक्क्यांवर येते. गुणगुणणारी मोटर तशीच चालू ठेवल्यास ती जळते व वाइंडिंग पुन्हा भरून घ्यावे लागते.

मोटरचा आवाजच येत नसेल, तर फ्यूज, स्विच व टाकीतील फ्लोट स्विच तपासावेत. मोठ्या संकुलांतील तीनफेज पंपाची एक फेज गेल्यासही पंप सुरू होत नाही. वाहिनीच्या कामानंतर दोन फेजांची अदलाबदल झाल्यास मोटर उलटी फिरते व पाणी फारच कमी चढते.

पुरानंतरची दक्षता

२७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर–वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती. अशा पुरात तळमजल्यावरील पंपही पाण्याखाली जातात. पाणी ओसरताच बुडालेली मोटर सुरू करणे धोक्याचे आहे: वाइंडिंग जळतेच, शिवाय पंपाच्या धातूच्या अंगात व ओल्या जमिनीत विजेचा प्रवाह उतरू शकतो. मोटर उघडून वाळवून, विद्युत्‌रोधाची मेगरने तपासणी झाल्यावरच ती जोडावी. पंपाला अर्थिंग व गळती-प्रवाह खंडक असणे इतर वेळीही आवश्यक आहे.

नळजोडणीला थेट पंप लावणे

दाब कमी असल्यावर काही ठिकाणी पंप थेट सार्वजनिक वाहिनीला जोडला जातो. हे नियमबाह्य आहे. त्यामुळे शेजाऱ्यांचे पाणी घटते, आणि वाहिनीतील दाब उणा झाल्यास फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत ओढले जाते. नळाला पाणी नसताना असा पंप निव्वळ हवेवर चालतो व त्याचे सील वारंवार बदलावे लागते.