बडोद्याचे घर, पुण्याचे बिऱ्हाड

दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा अशा आपल्या जुन्या वस्त्यांतून हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. मुलगा पुण्यास नोकरीला, नातवंडे तिकडच्या शाळेत. मग वडीलधाऱ्यांनी इकडचे घर विकून तिकडे जावे की काय? आमच्या घरी वर्षभर हाच खल चालू आहे. जो येतो तो दोन्ही शहरांचे फुटाचे भाव शेजारी ठेवतो आणि सुस्कारा टाकतो. पुणे महाग आहे हे कळायला हिशेब लागत नाही. पण ते किती महाग आणि कोणत्या वाटेने, हे त्या भावात दिसत नाही.

मुळात फूट कोणता, हे आधी विचारावे. आपल्याकडे दलाल अजून ‘सुपर बिल्टअप’ची भाषा बोलतो; त्यात जिना, लिफ्ट, बोळ यांचाही वाटा धरलेला असतो. समजा, १,२०० फुटांचा म्हणून पन्नास लाखांस सांगितलेला फ्लॅट आत मोजून ७५० फूट भरला, तर भाव ४,१६७ रुपये नव्हे, ६,६६७ रुपये झाला. २०१६ चा रेरा कायदा दोन्ही राज्यांस लागू आहे आणि कार्पेट क्षेत्राची व्याख्याही एकच आहे. तेव्हा दोन्हीकडे तेवढेच क्षेत्र विचारावे. दोन शहरांतले अंतर पुष्कळदा थोडे कमी होते. नाहीसे मात्र होत नाही.

मग येतो मुद्रांक. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, ते १९६० पर्यंत आपण आणि पुणेकर एकाच राज्यात होतो. १९५८ चा मुंबई मुद्रांक कायदा हा दोघांचाही वारसा. राज्ये वेगळी झाली आणि दर वेगळे झाले, इतकेच. गुजरातेत मुद्रांक ४.९ टक्के आणि नोंदणी १ टक्का. घर स्त्रीच्या नावे असेल तर नोंदणी माफ. पुण्यात मुद्रांक ७ टक्के, स्त्रियांना ६. नोंदणी १ टक्का, पण तीस हजारांच्या वर नाही. साठ लाखांच्या घरास इकडे ३ लाख ५४ हजार लागतील, तिकडे साडेचार लाख. म्हणजे फरक लाखाच्या आतबाहेर. लोक याचीच धास्ती फार घेतात, आणि ती मला अवाजवी वाटते.

खरी अडचण जुने घर विकताना येते. पुष्कळांची घरे अजून आजोबांच्या नावावर आहेत. वारसांत आत्याही येते, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच. त्या सर्वांच्या सह्या जमवाव्या लागतात; एकजण परदेशी असला तर मुखत्यारपत्र आले. शिवाय शहराच्या काही भागांस ‘अशांत धारा’ लागू आहे. तेथे कलेक्टरांच्या पूर्वपरवानगीखेरीज विक्री होत नाही. पुण्यातल्या बिल्डरचे हप्ते यासाठी थांबत नाहीत. म्हणून इकडचा दस्तावेज पुरा होण्यापूर्वी तिकडे बयाणा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विक्रीच्या नफ्यावरील आयकर वाचवायचा तर विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांच्या आत दुसरे राहते घर घ्यावे लागते. फार जुन्या घराची मूळ किंमत १ एप्रिल २००१ च्या बाजारभावाने धरता येते. तिचा मूल्यांकन-अहवाल आधीच करून ठेवावा. यात एक मौज आहे. महाराष्ट्रात मुद्रांकाची सवलत हवी तर खरेदीत फक्त स्त्रियांचीच नावे लागतात. आयकराची सूट निर्धोक हवी तर नवे घर विकणाऱ्याच्याच नावे असलेले बरे. इकडचे घर वडिलांचे आणि तिकडचे आईच्या नावे, असे झाले की एका हाताने वाचवलेला एक टक्का दुसऱ्या हातचा बराच मोठा कर ओढवून घेऊ शकतो. घर आईच्याच नावे असेल तर दोन्ही साधते.

यापुढचे बोलायला आपली मंडळी संकोचतात. घर विकून आलेली सारी रक्कम मुलाच्या फ्लॅटमध्ये गेली, तर म्हाताऱ्यांच्या हाती काय उरते? इकडे तळमजल्याचे भाडे येत होते ते थांबले. तिकडे सोसायटीची वर्गणी दरमहा द्यायची. मुलगा कितीही गुणी असो, औषधासाठी त्याच्यापुढे हात पसरणे कोणाला आवडेल? फ्लॅटवर स्वतःचे नाव आणि बँकेत वेगळी ठेव, या दोन गोष्टी जमत नसतील तर घर विकू नये. ज्यांना हे बोलणे कठोर वाटेल त्यांनी आपल्याच आळीत दोन घरे फिरून पाहावीत.

आम्ही तूर्त भाड्याचा मार्ग घेतला आहे. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणे असा करार लेखी आणि नोंदलेला असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. मुद्रांकही किरकोळ. कोथरूडला दोन खोल्या घेतल्या आहेत. भाडे जड आहे, पण बडोद्याच्या घराला कुलूप आहे, गिऱ्हाईक नाही. आईने अंगणातली तुळस मात्र कुंडीत घालून बरोबर नेली. करार अकरा महिन्यांचा आहे. तिला तिकडचा पावसाळा मानवतो की नाही, ते पाहून पुढचे ठरेल.