सरपण का तडतडते?

मुळशी धरणाच्या परिसरातील माले हे गाव पुण्याहून ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. येथे पाऊस उदंड आणि पावसाळाभर हवा दमट. त्यामुळे आषाढ-श्रावणात ज्या घरी चूल पेटते, तेथे धूर व तडतड ही ठरलेलीच. हा आवाज कशाचा हे ध्यानी आल्यास सरपणाची पुष्कळ बचत करता येते.

लाकूड वरून घट्ट दिसले तरी आत सूक्ष्म नळ्या असतात. जिवंत झाडात त्यांतूनच पाणी वर चढते व झाड तोडल्यावर ते आतच राहते. लाकूड तापले की या पाण्याची वाफ होते, आणि वाफेस पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा लागते. वाट न मिळाल्याने दाब वाढत जातो व अखेर तंतू फाटून ‘तड्’ असा आवाज होतो. गाठीचे किंवा राळ असलेले लाकूड अधिक तडतडते. ओंडक्याच्या टोकाशी फेस येऊन सूंसूं ऐकू येते, ती वाट सापडलेली वाफ होय. कळकाचा बार याहून मोठा, कारण त्याच्या पेरातील पोकळी दोन्ही बाजूंनी बंद असते. म्हणून कळक उभा चिरूनच चुलीत घालावा. उडालेली ठिणगी भाताच्या पेंढ्यात पडली तर वर्षाची वैरण जाते.

चूल तडतडली म्हणजे जाळ जोमाचा, असे काहींस वाटते. वास्तविक तेथे उष्णता वाया जात असते. ताज्या तोडीच्या लाकडात निम्म्यापर्यंत वजन पाण्याचे असू शकते. असे १० किलो लाकूड जाळल्यास ५ लिटर पाण्याची वाफ करावी लागते. तेवढ्या उष्णतेत सुमारे ४० लिटर पाणी उकळीस आले असते! शिवाय जाळ थंडावून धूर वाढतो, आणि तो चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीच्या डोळ्यांत व छातीत जातो.

यास्तव सरपण हिवाळ्यातच फोडावे. जमिनीपासून वीतभर उंच, वारा खेळेल अशी थप्पी उन्हात रचावी आणि मृगापूर्वी पडवीत घ्यावी. वाळलेल्या ढलप्या एकमेकींवर आपटल्यास खणखणीत वाजतात, ओल्या बद्द वाजतात. ग्रामसेवकांनी एक ढलपी माघात सर्वांसमक्ष तोलून खूण करून ठेवावी व वैशाखअखेर पुन्हा तोलावी. जितके वजन घटले, तितके पाणी चुलीत न जाता उन्हानेच नेले.