शस्त्रक्रियेनंतरचे दप्तर

दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होऊन, बेंबीपाशी एक व खाली दोन-तीन लहान टाके घेऊन घरी आलेल्या तरुणीला पहिले काही दिवस पुष्कळदा पोटापेक्षा खांद्याचीच तक्रार अधिक असते. पोट फुगविण्यासाठी भरलेला कार्बन डायऑक्साइड वायू श्वासपटलाला चेतवितो आणि तेथील वेदना खांद्यात उमटते, हा खुलासा कोणी आगाऊ केलेला नसल्यास ती उगाच धास्तावते. ही वेदना बहुधा आपोआप ओसरते. खरी धास्ती त्यानंतर, हातात पडलेला एंडोमेट्रिओसिसच्या निदानाचा कागद वाचताना सुरू होते.

गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती अंडाशयावर, पोटाच्या आतील आवरणावर, प्रसंगी आतड्यावर वा मूत्राशयावर रुजून तेथे दाह उत्पन्न करते व अवयव परस्परांस चिकटवते. या विकारास एंडोमेट्रिओसिस म्हणतात आणि प्रजननक्षम वयाच्या सुमारे १० टक्के स्त्रियांना तो असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. कागदावर ‘चौथी स्टेज’ असा शेरा दिसताच घरातील माणसांना कर्करोग आठवतो, आणि ‘पहिली’ असा दिसला की, “पहिलीच आहे ना गं, मग एवढं कसं दुखतं तुला?” अशी उलटतपासणी सुरू होते. दोन्ही अन्यायच. ती श्रेणी ऊतीचा व चिकटण्याचा विस्तार मोजते. वेदना मोजत नाही. किंचित डाग असलेली स्त्री दर पाळीला अंथरुणाला खिळते आणि अंडाशयावर मोठी चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, असलेली एखादी निर्धास्त वावरते, हे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या नित्य परिचयाचे आहे.

शस्त्रक्रियेने वेदना बहुतेकींची हलकी होते, परंतु विकार पुन्हा उद्भवू शकतो. म्हणून लवकर मूल नको असल्यास डायनोजेस्ट या संप्रेरकाची रोजची गोळी किंवा आकाराने कॉपर-टीसारखी पण संप्रेरक सोडणारी साधने सुचविली जातात, ज्यांनी आरंभीचे काही महिने अवेळी डाग लागतात व पुष्कळजणी कंटाळून औषध परस्पर बंद करतात. तसे न करता डॉक्टरांना सांगावे. “लग्न कर, मूल झालं की सगळं थांबेल” हा वडीलधाऱ्यांचा सल्ला मायेपोटी आलेला असला तरी तो उपचार नव्हे, आणि त्याच्या भरवशावर कोणा मुलीचे आयुष्य ठरवणे मला अक्षम्य वाटते.

शस्त्रक्रियेचे टिपण, ऊतीतपासणीचा अहवाल व असल्यास चित्रफीत यांची नक्कल मागून घ्यावी. अंडाशयावरील गाठ काढताना निरोगी बीजांचाही काही अंश जातो. तेव्हा दुसऱ्या शस्त्रक्रियेस संमती देण्यापूर्वी, मूल हवे असल्यास बीजसाठ्याचा अंदाज देणारी एएमएच ही रक्ततपासणी करावी का, हे विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे.